सौंदर्यप्रसाधनं विकायची आहेत? बाटली भरण्याआधी कायद्याची वाट समजून घ्या

कोरफडीच्या जेलची एकच बाटली समोर आहे असं समजा. तिच्यावर ‘त्वचा मऊ राहते’ असं छापलं, तर ती सौंदर्यप्रसाधन ठरते. तीच बाटली ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकायला काढली, तर आयुष विभागाचा वेगळा परवाना लागतो. आणि ‘एक्झिमा बरा होतो’ असं लिहिलं, की कायद्याच्या नजरेत ती औषध होते आणि सौंदर्यप्रसाधनाचा परवाना तिथे काहीच कामाचा राहत नाही. आतलं जेल तिन्ही वेळा तेच आहे. बदललं ते ग्राहकाला दिलेलं आश्वासन.

या धंद्यात नव्याने उतरणारे बरेच जण आधी फॉर्म्युला जमवतात, मग बाटली निवडतात, मग लोगो, मग इन्स्टाग्राम, आणि कुणीतरी घाबरवलं की कायद्याकडे वळतात. माझा आग्रह नेमका उलटा आहे. आपण काय म्हणून विकणार आणि लेबलवर काय म्हणणार, हे आधी ठरवा. परवाना, जागा, चाचण्या, जाहिरात, सगळं त्यावरून ठरतं. उशिरा ठरवलं तर छापलेली लेबलं आणि भरलेला माल दोन्ही टाकून द्यावं लागतं, आणि छोट्या उद्योगाला हा फटका सोसत नाही.

भारतात या विषयाचा पाया म्हणजे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा. त्याखालचे प्रसाधनांचे नियम पूर्वी औषधांबरोबरच १९४५ च्या नियमावलीत होते. १५ डिसेंबर २०२० रोजी प्रसाधनांसाठी स्वतंत्र ‘कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०’ अधिसूचित झाले. जुन्या लेखांमध्ये आणि जुन्या सल्लागारांकडे अजूनही १९४५ च्या नियमांचे क्रमांक आणि फॉर्म सापडतात. ते वापरू नका.

पायरी १: आपला माल नक्की कोणत्या वर्गात बसतो?

कायद्याची व्याख्या बरीच रुंद आहे. शरीराला चोळण्यासाठी, ओतण्यासाठी, शिंपडण्यासाठी, फवारण्यासाठी किंवा इतर कुठल्याही प्रकारे लावण्यासाठी असलेली, आणि स्वच्छता, सौंदर्य, आकर्षकता किंवा रूपबदल हा हेतू असलेली वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन. अशा वस्तूचा घटक म्हणून वापरायचा पदार्थही यात येतो. क्रीम आणि लिपस्टिक तर आहेतच, पण केसांचं तेल, टूथपेस्ट, काजळ, नेलपॉलिश, अत्तर, शेव्हिंग क्रीमही आहेत. मेंदी पावडर, कुंकू आणि द्रवरूप बिंदी यांच्यासाठीसुद्धा भारतीय मानकं आहेत. हे वाचून अनेकांना धक्का बसतो, कारण कुंकू ही आपल्याकडे पूजेच्या सामानाची वस्तू समजली जाते.

साबणाबद्दल एक जुना गैरसमज अजून फिरतो. मूळ व्याख्येतून साबण वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट काढून टाकली. त्यामुळे ‘हँडमेड साबणाला परवाना लागत नाही’ हे कुणी कितीही ठामपणे सांगितलं तरी विश्वास ठेवू नका.

आता सीमेवरच्या वस्तू. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मिनॉक्सिडिल, किटोकोनाझोल ही औषधं आहेत. ती घातलेलं क्रीम किंवा शाम्पू प्रसाधन म्हणून विकता येत नाही, मग लेबलवर कितीही सौम्य भाषा वापरा. बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखी स्टेरॉइड्स घातलेली ‘गोरेपणाची’ क्रीमं हा तर उघड धोका आहे. सुरुवातीला त्वचा उजळल्यासारखी दिसते. पुढे ती पातळ होते, लाल होते, आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटतो. कुणी पुरवठादार ‘आमचं सीक्रेट ॲक्टिव्ह’ म्हणत घटकांची नावं द्यायला नकार देत असेल, तर तो व्यवहार तिथेच सोडा.

‘हर्बल’ आणि ‘आयुर्वेदिक’ यांतला फरकही इथेच मिटवून टाका. वनस्पतींचा अर्क घातलेलं साधं प्रसाधन कॉस्मेटिक्स रूल्सखालीच येतं. ‘हर्बल’ म्हटल्याने कुठलीच सवलत मिळत नाही. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकायचं असेल तर आयुषच्या परवाना प्राधिकरणाकडे फॉर्म २४-डी मध्ये अर्ज आणि फॉर्म २५-डी मध्ये परवाना, असा मार्ग आहे. तिथे सौंदर्यासाठीच्या आयुर्वेदिक उत्पादनांचा ‘सौंदर्य प्रसादक’ असा वेगळा गट आहे आणि कारखान्याला शेड्यूल टी (आयुर्वेदिक मालासाठीच्या उत्तम उत्पादन पद्धतींचे नियम) लागू होतं. दोन्ही मार्ग चांगले आहेत. पण एका मार्गाचा परवाना घेऊन दुसऱ्याची भाषा वापरता येत नाही.

पायरी २: तुम्ही कोण आहात, हे ठरवा

याच पायरीवर सगळ्यात जास्त पैसे वाचतात किंवा बुडतात, म्हणून इथे थोडं थांबू या.

स्वतः बनवून विकणार असाल तर राज्याच्या परवाना प्राधिकरणाकडून उत्पादन परवाना लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन करतं. अर्ज सीओएस-५ या फॉर्ममध्ये, परवाना सीओएस-८ मध्ये. परवान्याला ठरावीक मुदत नसते, पण दर पाच वर्षांनी तो चालू ठेवण्याचं शुल्क भरावं लागतं. हे शुल्क विसरू नका.

दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात स्वतःच्या नावाचा परवाना घेऊन माल बनवायचा असेल तर ‘लोन लायसन्स’. अर्ज सीओएस-६, परवाना सीओएस-९. इथे उत्पादक म्हणून जबाबदारी तुमची असते, यंत्रं आणि जागा दुसऱ्याची.

तिसरा मार्ग म्हणजे ‘थर्ड पार्टी’. कारखाना स्वतःच्या परवान्यावर माल बनवतो आणि तुमच्या ब्रँडखाली देतो. लेबलवर उत्पादक म्हणून त्याचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक येतो, तुमचं नाव विपणन करणारा म्हणून. पहिल्यांदाच उतरणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवते. भांडवल कमी लागतं आणि तुमच्या मालाची जबाबदारी घेणारा तंत्रज्ञ तिथे आधीपासून असतो. पण कारखान्याच्या परवान्याची प्रत मागा आणि त्यासोबत मंजूर उत्पादनांची यादीही मागा. ज्याच्याकडे फक्त पावडरचा परवाना आहे तो तुम्हाला क्रीम कायदेशीरपणे देऊ शकत नाही. करारात फॉर्म्युला कुणाचा, बॅच नापास झाली तर खर्च कुणाचा, आणि ग्राहकाची तक्रार आली तर बॅचची कागदपत्रं किती दिवसांत मिळतील, हे तिन्ही लिहून घ्या.

चौथा मार्ग आयातीचा. परदेशी प्रसाधन विकण्याआधी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे, म्हणजे सीडीएससीओकडे, नोंदणी हवी. अर्ज सीओएस-१, प्रमाणपत्र सीओएस-२, आणि अर्ज ‘सुगम’ पोर्टलवरून. लेबलवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. कोरियन सीरम बॅगेत घालून आणायची आणि स्टेटसला टाकून विकायची, हा प्रकार सध्या फार दिसतो. स्वतःच्या वापरासाठी आणणं वेगळं. विक्रीसाठी आणलं की नोंदणीशिवाय तो माल बेकायदा आहे.

आणि पाचवा, फक्त किरकोळ विक्रेता. प्रसाधनं विकायला औषधांच्या दुकानासारखा वेगळा विक्री परवाना लागत नाही. पण म्हणून जबाबदारी संपत नाही. त्याबद्दल शेवटच्या पायरीत सविस्तर बोलू.

या सगळ्यात एक बारीक जागा आहे जिथे प्रामाणिक माणसं अडकतात. कायद्याने ‘उत्पादन’ म्हणजे फक्त ढवळणं आणि शिजवणं नाही. विक्रीसाठी माल भरणं, पॅक करणं, लेबल लावणंसुद्धा उत्पादनात मोडतं. पाच लिटरच्या कॅनमधून तयार शाम्पू आणून शंभर मिलीच्या बाटल्यांत भरला आणि आपलं लेबल लावलं, तर तुम्ही उत्पादक झालात आणि परवाना तुम्हालाच लागतो. ‘आम्ही बनवत नाही, फक्त पॅकिंग करतो’ हा बचाव टिकत नाही.

पायरी ३: जागा आणि माणसं

घरच्या स्वयंपाकघराला परवाना मिळेल का, हा प्रश्न मला सर्वात जास्त विचारला जातो. उत्तर नाही असं आहे. छोट्या उत्पादकाला यातून सूट देणारी तरतूद भारतीय कायद्यात नाही. कॉस्मेटिक्स रूल्सच्या सातव्या अनुसूचीत उत्तम उत्पादन पद्धती आणि जागेच्या अटी दिल्या आहेत. जागा राहण्यासाठी वापरात नसावी, राहत्या भागाशी आतून जोडलेलीही नसावी. भिंती सहा फुटांपर्यंत गुळगुळीत, पाणी न शोषणाऱ्या आणि धुता येण्याजोग्या. जमीन सपाट व धुण्याजोगी. पाणी पिण्यायोग्य. कामगारांना स्वच्छ गणवेश, डोक्यावर आवरण, गरज तिथे हातमोजे, आणि संसर्गजन्य आजार नसल्याची खात्री.

जागेचं क्षेत्रफळ मालाच्या गटानुसार बदलतं. क्रीम, लोशन, शाम्पू, केसांचं तेल या गटासाठी २५ चौरस मीटर आणि पावडरसाठी १५ चौरस मीटर असा हिशेब आहे. दोन गट करायचे तर जागाही त्या प्रमाणात. म्हणून सुरुवातीलाच सगळी ‘रेंज’ काढायचा मोह टाळा. एक गट निवडा, तो नीट करा.

उत्पादनावर देखरेख करायला पात्र तांत्रिक व्यक्ती लागते. औषधनिर्माणशास्त्राची पदविका असलेली किंवा रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली व्यक्ती चालते. पात्रतेची अट पाहून ही औपचारिकता वाटेल, पण या माणसावरच तुमची प्रत्येक बॅच उभी आहे. फक्त नाव लावायला कुणाचं तरी प्रमाणपत्र भाड्याने घेऊ नका. औषध निरीक्षक आला की पहिला प्रश्न त्यालाच विचारतो.

अत्तर किंवा स्प्रेमध्ये अल्कोहोल असेल तर राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवानग्या वेगळ्या. त्या आधी विचारून घ्या.

पायरी ४: घटक आणि चाचण्या

प्रसाधनात काय घालता येत नाही आणि कोणते रंग चालतात, हे भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४७०७ मध्ये आहे. त्याच्या पहिल्या भागात रंग आहेत, दुसऱ्यात सुरक्षित न मानलेले घटक. तयार मालाची मानकं वेगळी आहेत. क्रीमसाठी आयएस ६६०८, शाम्पूसाठी आयएस ७८८४, केसांच्या तेलासाठी आयएस ७१२३, लिपस्टिकसाठी आयएस ९८७५, पावडरसाठी आयएस ३९५९. आपल्या मालाचं मानक स्वतः वाचा. भाषा कोरडी आहे, पण प्रयोगशाळेत कोणत्या चाचण्या सांगायच्या हे त्यातूनच कळतं.

काही मर्यादा तोंडपाठ असाव्यात. शिसं आणि आर्सेनिकची संयुगं रंग म्हणून वापरायला बंदी आहे. रंगांमध्ये शिसं २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) आणि आर्सेनिक २ पीपीएमपेक्षा जास्त नको. डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत पारा ७० पीपीएमपर्यंत आणि तोही फक्त परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) म्हणून. बाकी प्रसाधनांत नकळत आलेला पारा १ पीपीएमच्या आत हवा. टूथपेस्टमधलं फ्लोराइड १००० पीपीएमच्या वर नको. प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासून बंदी आहे, आणि तशी चाचणी केलेला माल आयात करायलाही.

पाऱ्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून गोरेपणाच्या बनावट क्रीमांत तो घालतात. त्वचेतून तो शरीरात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. पाऱ्याच्या मिनामाटा कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये पारायुक्त प्रसाधनं २०२५ पर्यंत पूर्ण बंद करायचा निर्णय घेतला. उजळपणाचं कुठलंही क्रीम बाहेरून घेऊन विकणार असाल, तर प्रत्येक नव्या पुरवठादाराच्या मालाची पारा चाचणी स्वतः करून घ्या. पुरवठादाराने दिलेल्या अहवालावर थांबू नका. ग्राहक ते क्रीम महिनोन् महिने रोज चेहऱ्याला लावणार आहे.

काजळ आणि सुरमा करणाऱ्यांनीही अशीच काळजी घ्यावी. पारंपरिक सुरम्यात वापरलं जाणारं काळं खनिज अनेकदा शिशाचं सल्फाइड असतं. आजीच्या काळापासून चालत आलं म्हणून ते सुरक्षित ठरत नाही, आणि कायद्यातही बसत नाही.

‘प्रिझर्व्हेटिव्ह फ्री’ हा शब्द सध्या फार विकला जातो. तेल किंवा मेणावर आधारलेल्या, पाणी नसलेल्या मालात ते जमू शकतं. पण ज्या क्रीममध्ये गुलाबपाणी, कोरफड किंवा दुधाचा अंश आहे, त्यात परिरक्षक नसेल तर जिवाणू आणि बुरशी वाढणारच. सूक्ष्मजीव चाचणीची पद्धत आयएस १४६४८ मध्ये आहे. प्रत्येक बॅचचा अहवाल आणि थोडा नमुना ‘वापराची अंतिम तारीख’ उलटून जाईपर्यंत आणि नंतरही काही महिने जपून ठेवा. ती अंतिम तारीख अंदाजाने टाकू नका. उष्णतेत, दमटपणात आणि प्रकाशात माल किती टिकतो याची स्थिरता चाचणी करूनच ठरवा.

प्रत्येक कच्च्या मालाबरोबर त्याच्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र घ्या. सुगंधी द्रव्यांसाठी पुरवठादाराकडून इफ्राचं (आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेचं) प्रमाणपत्र मागा. त्यात ते सुगंध तुमच्या प्रकारच्या मालात जास्तीत जास्त किती टक्के वापरावं हे दिलेलं असतं. इसेन्शिअल ऑइल नैसर्गिक असलं तरी अॅलर्जी देऊ शकतं, म्हणून हे टक्के पाळावेच लागतात.

पायरी ५: लेबल

कॉस्मेटिक्स रूल्सच्या नियम ३४ मध्ये लेबलचे तपशील आहेत. छपाईला जाण्याआधी हा नियम समोर उघडा ठेवून एकेक ओळ ताडून पाहा.

आतल्या डबीवर आणि बाहेरच्या खोक्यावर, दोन्हीकडे, प्रसाधनाचं नाव, उत्पादकाचं नाव आणि ज्या जागेत बनलं त्या जागेचा पूर्ण पत्ता हवा. डबी फारच लहान असेल तर नाव, मुख्य ठिकाण आणि पिनकोड चालतो. वापराची अंतिम तारीख महिना आणि वर्षासह. उत्पादनाची तारीख. बॅच क्रमांक, त्याआधी ‘बी’ किंवा तत्सम खूण. परवाना क्रमांक, त्याआधी ‘एम’ किंवा तत्सम खूण. बाहेरच्या लेबलवर निव्वळ वजन किंवा माप. धोका संभवत असेल तिथे सुरक्षित वापराच्या सूचना आणि इशारा, आणि हे आतल्या लेबलवर, कारण खोकं पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं.

घटकांच्या यादीत एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने आधी येतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले नंतर, कुठल्याही क्रमाने. घटकांची नावं आंतरराष्ट्रीय पद्धतीची वापरा. ‘नैसर्गिक अर्क’ किंवा ‘सीक्रेट ब्लेंड’ हे घटकाचं नाव होत नाही. अगदी लहान पॅकला, ६० मिली किंवा ३० ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या, या यादीतून सवलत आहे. तरीही मी यादी छापायलाच सांगेन. ज्याला शेंगदाण्याच्या तेलाची किंवा लॅनोलिनची अॅलर्जी आहे त्याच्यासाठी पॅकच्या आकाराने काही फरक पडत नाही.

हेअर डायला वेगळा इशारा सक्तीचा आहे. त्यातल्या घटकांनी काही जणांच्या त्वचेला त्रास होऊ शकतो म्हणून आधी चाचणी करून पाहावी, आणि पापण्या किंवा भुवयांना तो लावू नये, कारण त्याने अंधत्व येऊ शकतं, असा मजकूर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेतही छापावा लागतो. सोबत चाचणी कशी करायची याच्या सूचना. कानामागे किंवा कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूला थोडा डाय लावून थांबायचं. तुमचा डाय मराठी ग्राहकांना जाणार असेल, तर मराठी मजकूर वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात द्या.

याशिवाय वैधमापन (वजन-मापांवर देखरेख करणाऱ्या) खात्याचे २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम लागू होतात. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, निव्वळ प्रमाण, प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर, ग्राहक तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ईमेल, आयात मालावर मूळ देश. उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार म्हणून या नियमांखाली नोंदणीही करावी लागते. छापील किंमत वाढवण्यासाठी वर स्टिकर चिकटवता येत नाही. कमी करायची असेल तर स्टिकर चालतो, पण मूळ किंमत झाकायची नाही.

लेबल चुकलं तर काय होतं? रंग नियमाबाहेरचा असेल, लेबल ठरलेल्या पद्धतीचं नसेल किंवा त्यावरचं एकही विधान दिशाभूल करणारं असेल, तर माल ‘मिसब्रँडेड’ ठरतो. दुसऱ्याच उत्पादकाचं नाव छापलं तर तो बनावट. अस्वच्छ जागेत बनलेला किंवा साठवलेला, त्यामुळे दूषित झालेला माल भेसळयुक्त. बनावट आणि भेसळयुक्त मालासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान ५०,००० रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांत जे जास्त असेल तेवढा दंड आहे. एखाद्या प्रसिद्ध कारखान्याचं नाव ‘विश्वास वाटावा म्हणून’ छापण्याचा विचार कुणी सुचवला, तर ही ओळ त्याला वाचून दाखवा.

पायरी ६: शब्द आणि जाहिरात

प्रसाधनाबद्दल खोटी किंवा दिशाभूल करणारी कल्पना ग्राहकाच्या मनात तयार होता कामा नये, असं नियमच सांगतात. आणि कायदा फक्त खोक्यावरचा मजकूर बघत नाही. रील, कॅप्शन, व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो, ग्राहकाची तुम्ही शेअर केलेली प्रतिक्रिया, सगळं तुमच्याच दाव्यात धरलं जाऊ शकतं.

‘कोरडेपणा कमी जाणवतो’, ‘केस मऊ दिसतात’, ‘डाग कमी ठळक दिसायला मदत होते’ ही प्रसाधनाची भाषा. ‘सोरायसिस जातो’, ‘टक्कल भरून येतं’, ‘बुरशीचा संसर्ग बरा होतो’ ही औषधाची. कोड बरं करण्याचे किंवा स्तनांचा आकार बदलण्याचे दावे तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यातच येतात. ‘डर्मॅटोलॉजिस्ट टेस्टेड’ लिहिलंत तर ती चाचणी कुणी, कधी, किती जणांवर केली याचा कागद फाइलमध्ये हवा. ‘केमिकल फ्री’ लिहूच नका. पाणीसुद्धा रसायन आहे आणि हा दावा कधीच सिद्ध करता येणार नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसं केलं तर ५० लाखांपर्यंत. जाहिरातीत दिसणाऱ्या व्यक्तीवर एक वर्षापर्यंत आणि पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत जाहिरात करण्यास बंदी येऊ शकते. इन्फ्लुएन्सरला पैसे किंवा फुकट माल दिला असेल तर ते त्याने स्पष्ट सांगायला हवं. हे त्याच्याशी बोलतानाच लिहून घ्या.

सावळ्या रंगाला कमी लेखून माल विकू नका. जाहिरात मानक परिषदेने उजळपणाच्या जाहिरातींसाठी २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. पण ती नसती तरी माझं मत हेच असतं. सोळा वर्षांच्या मुलीला आपल्या रंगाची लाज वाटायला लावून विकलेल्या क्रीमचा हिशेब कुठल्याच वहीत नीट लागत नाही.

पायरी ७: ऑनलाइन विक्री

उत्पादनाच्या पानावर वैधमापनाचे तपशील, मूळ देश, वापराची मुदत आणि विक्रेत्याची ओळख दिसायला हवी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकारी नेमावा लागतो, आणि ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच परीक्षणं लिहायला मनाई आहे. मोठ्या बाजारपेठा परवान्याची प्रत मागतात. ती मागितली नाही तरी कायद्याची अट तशीच राहते. प्लास्टिकच्या पॅकिंगसाठी ब्रँडमालकाला विस्तारित उत्पादक जबाबदारीची (पॅकिंगच्या कचऱ्याची जबाबदारी घेण्याची) नोंदणी लागू होते का, हे एकदा तपासा. जीएसटी आणि ट्रेडमार्क (प्रसाधनांसाठी वर्ग ३) यांसाठी आपल्या सीएकडे आणि वकिलाकडे जा.

पायरी ८: विक्रेत्याची वही आणि निरीक्षकाची भेट

दुकानदार असो वा घरून विकणारी ताई, प्रत्येक मालाचं पक्कं बिल ठेवा. त्यावर पुरवठादाराचं नाव, पत्ता आणि शक्यतो बॅच क्रमांक असू द्या. १९४० च्या कायद्याच्या कलम १८-ए नुसार माल कुणाकडून घेतला हे निरीक्षकाला सांगावं लागतं. आणि कलम १९(३) मध्ये विक्रेत्याला संरक्षणही आहे. परवानाधारक उत्पादकाकडून किंवा वितरकाकडून माल घेतला, त्यात दोष आहे हे माहीत नव्हतं आणि वाजवी काळजी घेऊनही कळू शकत नव्हतं, आणि माल नीट साठवला, हे सिद्ध केलं तर विक्रेता सुटू शकतो. बिल नसेल तर हे संरक्षण कागदावरच राहतं. म्हणून ‘बिलाशिवाय घ्या, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याकडून प्रसाधनं घेऊ नका.

निरीक्षक नमुना घ्यायला आला तर घाबरू नका आणि अडवूही नका. तो नमुन्याची वाजवी किंमत देऊ करतो आणि तुमच्यासमोर नमुन्याचे चार भाग करून सील करतो. उत्पादकाकडून घेतला तर तीन. एक भाग तुम्हाला मिळतो. त्यावरचं सील, बॅच क्रमांक आणि दिलेला कागद तिथल्या तिथे तपासा. तुमचा भाग थंड, कोरड्या जागी जसाच्या तसा ठेवा. पुढे शासकीय विश्लेषकाचा अहवाल आला आणि तो मान्य नसेल, तर प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आत त्याविरुद्ध पुरावा देणार असल्याचं लेखी कळवावं लागतं. हे २८ दिवस अनेक जण ‘बघू, बोलू’ करत घालवतात. मग तो अहवाल खटल्यात निर्णायक पुरावा मानला जातो. अहवाल हातात पडल्याच्या दिवशीच वकिलाला आणि थर्ड पार्टी असेल तर कारखान्यालाही फोन करा.

ग्राहकाची तक्रार हाही याच वहीचा भाग आहे. पुरळ उठलं, डोळा लाल झाला, केस गळले असं कुणी कळवलं, तर तारीख, बॅच, वापराची पद्धत आणि फोटो नोंदवून घ्या, वापर थांबवायला सांगा, त्रास जास्त असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा आणि घटकांची पूर्ण यादी त्यांना लगेच द्या. एकाच बॅचबद्दल दुसरी तक्रार आली की त्या बॅचची विक्री थांबवा, ठेवलेला नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि ती बॅच कुणाकुणाला गेली याची यादी काढा. प्रत्येक विक्रीच्या बिलावर बॅच क्रमांक लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घेतली असेल, तर ही यादी तासाभरात तयार होते.